पेन फ्रान्सकडे, आम्ही दाराबाहेर

छापलेली बातमी दुसऱ्या दिवशी शिळी होते. न छापलेलं मात्र काही केल्या पोटातून जात नाही. न्यूयॉर्कमध्ये पूर्वेकडच्या नदीकाठी सगळ्या देशांचे झेंडे लावलेली एक उंच इमारत आहे, तिथल्या एका बंद दाराबाहेर मी वर्षानुवर्षं उभी आहे. दाराच्या आत पंधरा देश जगातल्या युद्धांचा आणि शांततेचा निकाल लावत बसतात. त्या पंधरांतल्या पाचांकडे व्हेटो आहे, म्हणजे त्यांतला एक जरी नाही म्हणाला तरी ठराव खलास. बाहेर आम्ही बातमीदार. आत काय चाललंय ते कळत नाही, खुर्च्या पुरत नाहीत, फोनची बॅटरी संपत आलेली असते, आणि पाय एका जागी ठरत नाहीत. अशा जागी बातम्या थोड्या आणि किस्से फार जमतात. त्यातले एकट्या फ्रान्सचेच इतके जमलेत, की आता सांगितले नाहीत तर मला काहीतरी होईल!

माझ्या संपादकांचं मत वेगळं आहे. ते मुंबईहून फोनवर म्हणतात, "विजयाताई, फ्रान्सचं कोण वाचतं? पॅरिसमध्ये संप झाला तर कळवा."

मी म्हटलं, "पॅरिसमधला संप मी नसले तरी तुम्हाला कळेल. इथे काय चालतं ते मी नसले तर कळणार नाही!"

त्यांना दुसरा फोन आला. असा दुसरा फोन त्यांना नेहमी वेळेवर येतो.

*

सुरुवात पेनपासून करते, कारण सगळी भानगड तिथूनच आहे.

पंधरा देशांच्या या परिषदेत एक रीत आहे. ज्या देशात भांडण चाललंय, त्या देशावरचा ठराव आतल्याच एखाद्या देशाने लिहायचा. त्याला 'पेनहोल्डर' म्हणतात. कुठल्याही नियमात हे लिहिलेलं नाही, पण चालतं. आफ्रिकेतल्या ज्या देशांवर एकेकाळी फ्रान्सचं राज्य होतं, त्यांतल्या बऱ्याच देशांचं पेन आज फ्रान्सकडे आहे.

मरियम त्यांतल्याच एका देशाची. रेडिओची बातमीदार. माझ्याहून बरीच लहान, पण जीभ माझ्यापेक्षा धारदार. दाराबाहेर माझ्या शेजारी भिंतीला टेकून उभी असते. तिच्या देशाचं नाव मी लिहीत नाही, कारण तिची आई अजून तिथे आहे. उत्तरेकडच्या एका बाजारगावात ती फ्रेंच शिकवते. शाळेवर गोळीबार झाल्यापासून शाळा भरते ती गावाच्या कडेला असलेल्या चौकीच्या आवारात. निळ्या टोपीवाल्या शांतिसैनिकांची चौकी. चौकी आहे तोवर शाळा आहे. आणि चौकी राहणार की जाणार, हे दरवर्षी एका ठरावात ठरतं. तो ठराव लिहितो फ्रान्स.

फ्रान्सचा प्रवक्ता आहे एतिएन. चाळिशीचा, देखणा, कितीही घाईत असला तरी दार धरून ठेवणारा. त्याला मी एकदा सरळ विचारलं, "हे पेन तुमच्या हातात दिलं कुणी?"

तो म्हणाला, "मादाम, त्या देशाशी आमचं फार जुनं नातं आहे."

मरियम भिंतीपासून न हलता म्हणाली, "हो ना! तेव्हा हातात चाबूक होता."

*

मीटिंग संपली की राजदूत बाहेर येतात आणि दाराशी लावलेल्या माइकवर बोलतात. फ्रान्सचे राजदूत आधी फ्रेंचमधले प्रश्न घेतात. इंग्रजी त्यांना अगदी छान येतं, पण प्रश्न तत्त्वाचा आहे! मग फ्रेंच प्रश्न संपेपर्यंत त्यांची वेळ संपते, आणि आम्ही बाकीचे हात वर करून उभे, शाळेत बाकावर उभं केल्यासारखे.

एके दिवशी डोकंच फिरलं. म्हटलं, आपल्याला आपली भाषा नाही की काय! मी मोठ्याने, चक्क मराठीत विचारलं, "काय हो, शस्त्रं विकायची पण आणि शस्त्रबंदीवर भाषणं पण द्यायची, हे जमतं कसं तुम्हाला?"

राजदूतांनी मान तिरकी करून शेवटपर्यंत ऐकलं. चेहरा गंभीर केला. मग फ्रेंचमध्ये म्हणाले, "आपण उपस्थित केलेला मुद्दा अत्यंत महत्त्वाचा आहे. फ्रान्स या बाबतीत पूर्णपणे कटिबद्ध आहे. सर्व बाजूंनी संयम पाळावा, असं आमचं आवाहन आहे."

सगळ्यांनी लिहून घेतलं!

राजदूत गेल्यावर एक जपानी बातमीदार माझ्याकडे आला. "तुझा प्रश्न कशाबद्दल होता? मला त्यांचं उत्तर छापायचंय."

*

बंदुका-पिस्तुलांच्या बेकायदा व्यापाराला आळा घालण्यावर एक परिषद होती, म्हणून फ्रेंचांनी संध्याकाळी रिसेप्शन ठेवलं. मी अनुजाला बरोबर नेलं. अनुजा माझ्या कॉलेजच्या मैत्रिणीची मुलगी. जन्म अमेरिकेतल्या ईडन प्रेरीचा, शिक्षण ॲन आर्बरला, आईबाबा दोघं आयटीत, आणि ही बाई बंदुका ओळखते! युद्धातले फोटो बघून बंदूक कुठल्या देशातली, गोळी कुणाच्या कारखान्यातली, हे शोधून काढणाऱ्या एका छोट्या संस्थेत ती काम करते. तिची आई मला फोनवर म्हणते, "लोकांच्या मुली लांबून साडीचा प्रकार ओळखतात गं, आमची रायफल ओळखते!"

राजदूतांचं भाषण सुंदर झालं. शेवटची बंदूक शांत होईपर्यंत फ्रान्स शांत बसणार नाही, वगैरे. आमच्या टेबलाशी एक हसतमुख गृहस्थ उभे होते. सगळ्यांत जोरात टाळ्या त्यांच्या.

अनुजाला वाटलं, आपल्यातलेच, शस्त्रं कमी करा म्हणणारे. तिने इंग्रजीत विचारलं, "तुम्ही पण डिसआर्मामेंटमध्ये आहात का?"

"छे छे. मी चिलखती गाड्या विकतो."

"मग तुम्ही इथे कसे?"

"अशी भाषणं मी कधी चुकवत नाही," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी माल कुठे लागणार, ते सगळ्यांत आधी इथेच कळतं."

कुठल्या देशाचे ते विचारायचं राहून गेलं. अशा माणसांना देश असतोच असं नाही.

अनुजा तरातरा बाहेर निघून गेली. मीही प्लेट आपटून तिच्या मागे गेले. चीज मात्र उत्तम होतं, खोटं कशाला बोलू!

*

इमारतीतले दुभाषे संध्याकाळी सहाला उठतात. बरोबरच आहे, माणसंच आहेत तीही. पण दुभाषे नसले की फ्रान्सचे लोक मीटिंगमध्ये बोलत नाहीत.

त्या दिवशी आत मरियमच्या देशावर चर्चा चालली होती. व्हेटोवाल्यांपैकीच एका देशाचं म्हणणं होतं, की शांतिसैनिक राजधानीपुरते ठेवा, उत्तरेकडच्या चौक्या बंद करा. फ्रान्सचा प्रतिनिधी याला उत्तर देणार, एवढ्यात सहा वाजले. दुभाष्यांचे आभार मानून सभा तहकूब!

दार उघडलं. तो प्रतिनिधी आणि चौक्या बंद करा म्हणणारा, दोघं आमच्यासमोरून भांडत लिफ्टकडे गेले. अस्खलित इंग्रजीत! एक लिफ्ट आली आणि गेली, दुसरी आली आणि गेली, यांचं चालूच. आम्ही कान टवकारून उभे. त्या प्रश्नावरची इतकी मोकळी चर्चा मी आधी ऐकली नव्हती आणि नंतरही नाही. अधिकृत नोंद शून्य.

मरियम मात्र ऐकायला थांबली नव्हती. ती कॉरिडॉरमध्ये या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा घालत होती. एतिएन समोर आला तेव्हा तिने विचारलं, "आमच्या गावात गोळीबार सहानंतर सुरू होतो. तोही तहकूब करता येईल का?"

*

मरियमची आई तिला रोज फोनवर फोटो पाठवते. फळ्यावर लिहिलेली क्रियापदं, चौकीच्या भिंतीच्या सावलीत बसलेली मुलं, बाजारातली भाजी. एकदा अशाच बाजाराच्या फोटोत टोमॅटोच्या ढिगामागे बंदुका घेतलेली माणसं उभी होती. मरियमने तो फोटो आम्हाला कँटीनमध्ये दाखवला.

अनुजाने फोटो मोठा केला, आणखी मोठा केला. सँडविच तसंच राहिलं.

"मावशी, व्हेटोवाले टोटल पाच देश ना? त्यांतल्या चौघांच्या बंदुका आहेत इथे. ओन्ली वन इज मिसिंग!"

त्या देशात शस्त्रं पाठवायला बंदी आहे. बंदी घातली कुणी? आतल्या याच पाच जणांनी, हात वर करून!

मरियम म्हणाली, "मग परिषद आमच्या बाजारातच भरवा ना. सगळे पोचलेच आहेत."

मी दोघींना घेऊन तशीच एतिएनकडे गेले. त्याने फोटो नीट पाहिला, चष्मा काढून परत पाहिला. म्हणाला, "त्या चौघांत आम्ही आहोत?"

"आहात सर," अनुजा म्हणाली. "पण तुमची गन फार ओल्ड आहे. तुमचं राज्य होतं ना तिथे, तेव्हाची असेल."

एतिएनने खुर्चीत मागे टेकून सुस्कारा सोडला. "हुश्श! म्हणजे ती निर्यात धरता येणार नाही."

*

फ्रान्सला एका गोष्टीचा अभिमान आहे, आणि तो खोटा नाही. व्हेटो हातात असून त्यांनी तो कित्येक वर्षांत वापरलेला नाही. सामूहिक हत्याकांड चालू असताना पाचांपैकी कुणीच व्हेटो वापरू नये, असाही त्यांचा आग्रह आहे. चांगल्याला चांगलं म्हणायला मला जड जातं, पण मी तशी बातमी दिली होती. कुठे छापली ते विचारू नका. जाहिरातीच्या खाली.

पण एतिएन हे दर आठवड्याला ऐकवतो. शेवटी मी म्हटलं, "एतिएन, हॉटेलात मेनू लिहायचं काम ज्याच्याकडे आहे, तो नावडती डिश परत कशाला पाठवेल? तो ती लिहितच नाही!"

एतिएन खळखळून हसला. मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "खरं आहे मादाम. पण हे ऑफ द रेकॉर्ड."

"ऑफ द रेकॉर्ड कसलं! वाक्य माझं आहे!"

*

आता मौनाचा किस्सा. हा आठवला की अजूनही मी खुर्चीतून उठते.

गेल्या हिवाळ्यात मरियमच्या देशावरच्या ठरावाची मुदत संपत आली. फ्रान्सने नवा मसुदा लिहिला. त्यात एक परिच्छेद होता: उत्तरेकडच्या चौक्या कायम राहतील. स्वच्छ, आडपडदा न ठेवता. आणि इथे मला लिहिलंच पाहिजे, की त्या परिच्छेदासाठी फ्रान्सचे लोक जीव तोडून भांडले. एतिएनचा घसा बसला. चौक्या बंद करा म्हणणारा देश शेवटी कुरकुरत गप्प झाला.

मरियमने आईला कळवलं. आईने फोटो पाठवला: मुलं चौकीच्या भिंतीला चुना लावतायत.

आता इथली आणखी एक रीत. शेवटचा मसुदा पंधराही देशांना ईमेलने जातो, आणि सांगतात, शुक्रवारी सकाळी दहापर्यंत कुणी काही लिहिलं नाही तर सगळ्यांना मान्य. याला 'सायलेन्स' म्हणतात, मौन. त्या वेळात कुणाचंही लेखी काही आलं की मौन तुटलं, मसुदा परत टेबलावर.

जर्सी सिटीला माझ्या शेजारी संदीप राहतो, नागपूरचा, आयटीतला. गुरुवारी लिफ्टमध्ये भेटला. माझा चेहरा बघून म्हणाला, "काय झालं काकू, टेन्शनमध्ये?" मी सगळं सांगितलं.

"अरे, सेम टू सेम! आम्ही पण सिस्टिममध्ये बदल करायच्या आधी सगळ्यांना मेल टाकतो. कोणी ऑब्जेक्शन घेतलं नाही की अप्रूव्हड." मग जरा थांबून म्हणाला, "पण आमच्याकडे जास्तीत जास्त सर्व्हर डाउन होतो, यार."

शुक्रवारी सकाळी आम्ही सगळे दाराबाहेर. मरियमचा एक पाय सारखा हलत होता. साडेनऊ झाले, कुणाचं काही नाही. पावणेदहा झाले, काही नाही. चौक्या बंद करा म्हणणारेसुद्धा गप्प!

दहाला थोडा अवकाश असताना एक ईमेल गेली. पंधराही देशांना. पाठवणारा फ्रान्स!

त्यांच्या कचेरीत एक नवा अधिकारी आला होता. घरंदाज, हुशार, शिष्टाचारात एक नंबर. त्याला वाटलं, आता झालंच आहे. त्याने लिहिलं: 'सर्व सहकाऱ्यांनी दाखवलेल्या लवचीकतेबद्दल फ्रान्स मनःपूर्वक आभार मानतो.'

चौक्या बंद करा म्हणणाऱ्यांकडून लगेच उत्तर: 'पेनहोल्डरनेच मौन तोडल्याची आम्ही नोंद घेत आहोत. उत्तरेकडच्या चौक्यांवर चर्चा पुन्हा सुरू करावी.'

एतिएन बाहेर आला तो पांढराफटक. आमच्या शेजारी भिंतीला टेकला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला भिंतीला टेकलेला बघितला.

"आभार मानले आम्ही," तो म्हणाला. "फक्त आभार."

मरियम म्हणाली, "सवय नसताना कशाला मानायचे?"

*

दुपारपर्यंत त्या परिच्छेदाची कापाकापी झाली. मुदत त्याच दिवशी संपत होती, त्यामुळे ताणून धरायला फ्रान्सकडे वेळच उरला नाही. 'चौक्या कायम राहतील'चं झालं 'परिस्थिती अनुकूल असेल तिथे चौक्या ठेवता येतील.' पंधराच्या पंधरा मतं बाजूने. आत टाळ्या वाजल्या, बाहेरपर्यंत ऐकू आल्या. मी पाठवलेली बातमी आली नाही. पॅरिसमध्ये त्या दिवशी खरंच संप होता.

पुढच्या आठवड्यात फ्रान्सचे राजदूत पुन्हा माइकवर आले. विषय दुसराच. शस्त्रनियंत्रणावर एक मोठी परिषद भरवायला फ्रान्स पुढाकार घेणार होता. कॅमेरे होते, गर्दी होती. मागे एतिएन उभा. राजदूत म्हणाले, "शांतता म्हणजे निव्वळ शस्त्रांची अनुपस्थिती नव्हे. शांतता म्हणजे शाळेत जाणारं मूल."

मरियम पुढे झाली. तिच्या हातात फोन होता, स्पीकर चालू.

"प्रश्न माझा नाही," ती म्हणाली. "माझ्या आईचा आहे. ती शिक्षिका आहे." आणि तिने फोन माइकपाशी धरला.

इतक्या वर्षांत मला कामापुरतं फ्रेंच कळायला लागलंय. पण हे फ्रेंच कुणालाही कळलं असतं. सावकाश, एकेक शब्द सुटा करून, वर्गात शुद्धलेखन सांगतात तसं.

"नमस्कार, मोस्यु. परिस्थिती अनुकूल नाही असं सांगून सैनिक काल ट्रक भरून गेले. जाताना त्यांनी फाटकाला कुलूप लावलं. आत आमची बाकं आहेत, फळा आहे, वह्या आहेत. मुलं सकाळपासून फाटकाबाहेर उभी आहेत, आता दुपार झाली. इथे विचारण्यासारखं कुणी उरलेलं नाही, म्हणून तुम्हाला विचारते. किल्ली कुणाकडे मागायची?"

फोनमधून लहान मुलांचा गलका ऐकू येत होता. एतिएन बुटांकडे बघत होता.

राजदूत फोनकडे वाकले. त्यांना खरोखर भरून आलं होतं, मी अगदी जवळून बघत होते.

"मादाम," ते म्हणाले, "किती सुंदर फ्रेंच बोलता तुम्ही!"

पलीकडून बाईंचा आवाज आला, तसाच सावकाश.

"आभारी आहे, मोस्यु. आणि किल्ली?"